हातावर नाही

लोसाने वडिलांचं मनगट स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं आणि घड्याळाचा पट्टा आणखी एक भोक आवळला.

"दुखतंय?"

"नाही."

"मग आता याला हात लावायचा नाही."

पेसामिनोंनी मान हलवली. रविवारची प्रार्थना आटोपून दोघं नुकतीच बाबांच्या मांगेरे उपनगरातल्या घरी परतली होती. पेसामिनोंच्या अंगावर अजून चर्चला घालायचा पांढरा कोट होता. टेबलावर नारळाच्या दुधात शिजवलेली तारोची, म्हणजे अळूची, पानं निवत होती.

"खरं सांगा बाबा. मी गेले की काढून ठेवता ना?"

"आंघोळीलासुद्धा काढत नाही."

"तीन आठवडे रोज माझ्या फोनवर तेच येतंय. घड्याळ हातावर नाही, घड्याळ हातावर नाही."

"कोण म्हणतं?"

"घड्याळच म्हणतं."

पेसामिनो हसले. "तीस वर्षं विमानांत बॅगा चढवल्या, पोरी. एका दिवसाचा खाडा नाही. आता हे बोटभर यंत्र माझी हजेरी मांडणार?"

"चेष्टा नको. चाचणीला चाळीस माणसं निवडलीत आम्ही, आणि माझ्याच वडिलांचा कागद कोरा. ऑफिसात काय तोंड दाखवू? नसेल घालायचं तर तसं सांगा, पण खोटं बोलू नका."

त्यांचं हसू मावळलं. ते पानं वाढायला उठले.

लोसाला राग आला होता तो नुसत्या ऑफिसपायी नव्हता. दोन वर्षांपूर्वी पेसामिनो न्हाणीघरात पडले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तसेच फरशीवर पडून राहिले. शेजारीण भांडं परत द्यायला आली म्हणून कळलं. पुढे हृदयात जाळी बसवली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी घड्याळ बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीत लोसाने नोकरी धरली ती त्यानंतरच. माणूस पडला की घड्याळ आपणहून घरच्यांना फोन करणार, नाडी चुकली तर सांगणार. घड्याळ वापरून पाहणाऱ्या माणसांचं सगळं तिच्याकडे होतं. आखडलेल्या बोटांना बक्कल लागत नाही म्हणून ती भांडली आणि बक्कल बदलून घेतलं. आकडे मोठे करून घेतले. चर्चमध्ये टाळ्या वाजवल्या की माणूस पडला असं समजून घड्याळ बोंब मारायचं, तेही तिनेच शोधून काढलं.

पेसामिनो वाटीत पानं घालत होते. लोसाचा फोन थरथरला. तिने सवयीने पाहिलं. बाबांच्या नावापुढे ओळ आली होती: घड्याळ हातावर नाही.

तिने वर पाहिलं. डाव धरलेल्या हातावर घड्याळ होतं. पट्टा इतका आवळलेला की कडेने मांस वर आलं होतं. आणि पट्ट्याच्या वरखाली, चार बोटं रुंद, काळीभोर नक्षी होती. तानिएलूकाकाने स्वतःच्या हाताने, जुन्या पद्धतीने दातेरी फणीचं हत्यार ठोकून गोंदलेली. काका जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"बाबा, ते या हातात घाला बघू."

त्यांनी घातलं. उजव्या मनगटावरही तशीच नक्षी होती. फोन पुन्हा थरथरला. तिने नक्षीच्या वर, पोटरीसारख्या जाड हातावर बांधून पाहिलं. पट्टा पुरला नाही.

"काय झालं?" पेसामिनोंनी विचारलं.

"जेवा तुम्ही," ती म्हणाली.

सोमवारी तिने हेमिशला मनगटाचा फोटो दाखवला. कंपनी त्याने उभी केली होती. माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या आजीच्या हातावर पहिलं घड्याळ बांधून त्याने हे सगळं सुरू केलं होतं.

"शाई," तो लगेच म्हणाला. "आपण हिरवा उजेड कातडीत सोडतो. तो परत येतो त्यावरून नाडी कळते. शाई तो उजेड पिऊन टाकते. मग घड्याळाला वाटतं, आपण टेबलावर पडलोय. असे किती आहेत?"

"पाच."

"सगळे तुमच्याकडचेच?"

"आमचे सामोआतले तिघं. एक माओरी बाई. एक म्हातारा खलाशी, त्याच्या हातावर जहाज आहे."

हेमिशने खुर्ची मागे रेटली. "दिवे बदलायचे म्हणजे आतलं सगळं नव्याने मांडायचं. आठ महिने जातील. घड्याळं मागवलेले वृद्धाश्रमवाले आठ आठवडे थांबणार नाहीत."

"या पाचांतलं कुणी पडलं तर घड्याळ कुणालाही फोन करणार नाही, हेमिश."

"म्हणून पुस्तिकेत स्पष्ट लिहू."

"कितव्या पानावर?"

त्याने फोटो तिच्याकडे परत सरकवला. मग म्हणाला, "पस्तीस जणांवर ते उत्तम चालतंय. तेही कुणाचे तरी बाबाच आहेत, लोसा. ही पाच नावं गाळ आणि अहवाल पूर्ण कर."

नाव गाळायचं तर पुढे कारण निवडावं लागे. कारणं आधीपासून चारच ठरलेली होती; त्यांत शाईचं नव्हतं. लोसाने चार नावांपुढे 'नियमित वापर केला नाही' हे कारण टाकलं. पाचव्या, बाबांच्या नावापाशी ती उठली, पाणी प्याली, खिडकीपाशी जाऊन परत आली. मग तिथेही तेच टाकलं.

पुढच्या रविवारी तिने बाबांना शाईचं सांगितलं. त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो."

"नव्हता."

"साहेबाला सांगितलंस तसं?"

"सांगितलं."

"मग माझ्यापायी तुला बोलणी नको बसायला. नाव काढू नका म्हणावं. काहीतरी निघेल यातून."

"नाही काढत," लोसा म्हणाली. "काम चालू आहे बाबा. वेळ लागेल."

महिन्याभराने घड्याळ बाजारात आलं. कंपनीने प्रत्येक कर्मचाऱ्याला एकेक दिलं. ऑफिसात लोसा ते मनगटावर मिरवायची आणि रविवारी मांगेरेला जाताना पर्समध्ये टाकायची. पेसामिनो दर रविवारी विचारायचे, "निघालं का काही?" ती म्हणायची, "चालू आहे." असे सात रविवार गेले.

आठव्या रविवारी ते चर्चला आले नाहीत. लोसा धावतच घरी गेली. ते स्वयंपाकघरात कोको ढवळत होते. डाव्या मनगटाला पांढरी पट्टी होती.

"पडलात?"

"छे." ते गालात हसत होते. "बस खाली. शेजारच्या ओटाहुहूला एक बाई आहे, गोंदण काढते. लेझरच्या उजेडानेच. म्हटलं, तुझं यंत्र उजेडाने चालतं, शाईही उजेडानेच जाईल."

लोसाने पट्टी उचलून पाहिलं. नक्षीच्या मधोमध घड्याळाएवढा तुकडा सुजून फोडांनी भरला होता. काकाने आखलेल्या रेघा दोन्हीकडून तिथपर्यंत येऊन थांबत होत्या.

"रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे म्हणून फोड जास्त आले म्हणे," पेसामिनो म्हणाले. "अजून पाच वेळा जायचंय. मग साफ. तेवढं थांबतील ना तुझे लोक?"

लोसाने पट्टी जपून पुन्हा खाली केली.

"आणि ऐक. चर्चमधल्या उलुआला सांगितलं मी. त्याच्याही हातावर नक्षी, त्याचाही कागद कोराच ना? त्याला वाटत होतं, आपलं हृदयच इतकं नाजूक झालंय की यंत्राला सापडत नाही. महिनाभर झोपला नाही गाढव. तो जातोय उद्या. त्याचा मेव्हणाही जातोय बरोबर, तोही तुमच्या चाचणीतलाच."

"त्यांना नका पाठवू."

"का? दुखतं थोडं, पण—"

"घड्याळ आलंय बाबा बाजारात. कधीच आलंय." तिने पर्स उघडून ते टेबलावर ठेवलं. "तुमच्याशिवायच. पाचही नावं मी काढली. तुम्ही ते वापरलंच नाही असं लिहून दिलं. माझ्या हाताने."

कोको उतू जायला लागला. पेसामिनोंनी गॅस बंद केला आणि फडक्याने शेगडी पुसली. पुसून झाल्यावर पुन्हा एकदा पुसली. घड्याळाकडे त्यांनी पाहिलं नाही. लोसा काहीतरी म्हणणार होती, पण त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला होता आणि उलुआचा नंबर फिरवला होता.

"मी बोलतोय. अरे, उद्या जाऊ नका तिकडे." त्यांनी लोसाकडे पाठ केली. "नाही नाही, माझा हात ठीक आहे. ती बाई रजेवर गेलीय... हो, आत्ताच फोन आला होता तिचा... कधी येणार ते काही बोलली नाही. आणि हे बघ, ते घड्याळाचं लोसा बघतेय. तू झोप."