अवेळी आलेला चहा

"ही घंटा हल्ली वाजतच नाही," शालिग्राम नाना पेनात शाई भरता भरता पुटपुटले. घंटा त्यांच्या डोक्यावर दोन हातांवर ठणाणत होती. बेबाबाईने टेबलावर चहा ठेवला. नाना कपाला न शिवता उठले आणि इंजिनघराकडे गेले.

धुळ्याबाहेरच्या टेकडीवर भूकंपाच्या नोंदी घेणारी ही वेधशाळा. विजेची लाइन गेली की घंटा वाजायची. जुन्या बॅटऱ्या नोंदयंत्र दहा मिनिटं ओढायच्या. तेवढ्यात वीज देणारं इंजिन सुरू झालं नाही, तर कागदावरची रेघ तुटायची. नानांनी ती चौदा वर्षांत एकदाही तुटू दिली नव्हती. गेली दोन वर्षं त्यात बेबाबाईच्या चहाचा हात होता. ती झाडलोटीला ठेवलेली बाई. पण अवेळी चहा आला म्हणजे लाइन गेली, हे न बोलताच ठरून गेलं होतं. समोरच्याचे ओठ बघून नानांना बोलणं कळायचं. नोकरीचे अकरा महिने उरलेले. कानांचा विषय कोण काढणार?

बाहत्तरच्या जानेवारीत तपासणीला साहेब आले. दुपारी तीनला नाना त्यांना जुने कागद दाखवत होते, तोच घंटा झाली. साहेब गप्प बसून नानांकडे बघत राहिले. माणूस काय करतो, तेच त्यांना बघायचं होतं.

बेबाबाई चहा घेऊन आली.

"घ्या ना साहेब," म्हणत नानांनी कप पाहुण्यापुढे सरकवला.

पाहुणा असताना चहा पाहुण्याचाच, हे तिच्या आधी लक्षात यायला हवं होतं. तिने धावत दुसरा कप आणला.

"मला नको, माझा आत्ताच झाला," नाना म्हणाले.

पाच मिनिटं गेली होती. बेबाबाईने पदर खोचला आणि इंजिनघर गाठलं. दोन वर्षं दारातून बघितलेलं काही वाया जात नाही. हँडल तिसऱ्यांदा फिरवल्यावर इंजिन धडधडलं. तिने मोठा खटका ओढला आणि घंटा थांबली.

ती परतली, तेव्हा साहेबांनी विचारलं, "इंजिन कोणी लावलं?"

"बठ्ठं ठीक शे, साहेब," सगळं ठीक असल्याचं तिने सांगितलं. विचारलं काय आणि आपण सांगतो काय, हे तिलाही कळत होतं.

नानांना इंजिनाची थरथर पायांखालच्या फरशीतून कळली. त्यांनी तिच्या इंजिनाच्या तेलाने काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या दोन कपांकडे.

"साहेब, मला घंटा ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "बाईला येते. आणि आता इंजिनही लावता येतं."