डावा कान

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणं, शिकायचं खूळ सुनेचं. सासूबाई आल्या त्या निव्वळ सोबतीला. पण पहिल्याच दिवशी पोहण्याच्या तलावात सासूबाई तळाशी जाऊन चक्क मांडी घालून बसल्या, आणि सून अर्ध्या वाटेवरून कान धरून वर आली.

"डाव्या कानात कोणी सुई खुपसतंय!"

शिकवणाऱ्या बाईंना सगळे कासवबाई म्हणत. पाण्यात त्यांना घाई अशी कधी नसेच. त्यांनी सुनेला काठावर बसवलं.

"खाली जाताना पाणी कानाचा पडदा आत दाबतं. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की आतूनही कानात हवा जाते, कान उघडतो, मग दुखत नाही. तुम्ही कधी फुंकलंत?"

"दुखायला लागल्यावर. चांगला जोर लावून."

"तिथंच घोटाळा झाला, ताई. दुखायच्या आधी फुंकायचं. वरच सुरुवात करायची, हातभर खाली गेलं की पुन्हा. नाही उघडला कान, तर थोडं वर यायचं. आणि हे सगळं हळू."

सून रुग्णवाहिका चालवायची. हळू हा शब्द तिच्या धंद्यातच बसत नव्हता. तरी तिने मनावर घेतलं. आरशासमोर, जिन्यात, जिथं आठवेल तिथं ती नाक धरून हलकेच फुंकू लागली. एकदा जेवायला बसताना तिने नाक धरलं, तेव्हा नवरा वाढायचा थांबला.

"इतकं वाईट झालंय का गं?"

"अरे, कानासाठी करतेय!"

"वास कानाला नाही, नाकाला येतो," तो फुरंगटून म्हणाला. सासूबाई हसून हसून लाल झाल्या.

शेवटी समुद्रात उतरायचा दिवस आला. दोघी नावेतून सोडलेला दोर धरून, पाय खाली ठेवून उतरू लागल्या. कासवबाई शेजारीच होत्या. सून दर हातभर अंतरावर नाक धरत होती. उजवा कान शहाण्यासारखा उघडत होता. डावा मात्र मध्येच अडून बसला. तिने कानाकडे बोट दाखवलं. तिच्या मनात आलं, द्यावा एक जोर आणि संपवावं एकदाचं. पण तिने हात आवरला आणि ती थोडी वर सरकली. सासूबाईही तेवढ्याच वर आल्या आणि तिचा हात धरून थांबल्या.

कासवबाईंनी मान उजवीकडे झुकवून दाखवली. सुनेने तसंच केलं, डावा कान वर आला. तिने आवंढा गिळला, हलकेच फुंकलं. काही नाही. पुन्हा फुंकलं, आणि आत बारीकसं 'टुक' झालं.

मग तळाची वाळू आली. खडकाखालून एक चपटा, ठिपक्यांचा मासा निघाला, या बायांकडे बघून त्याने तोंड उघडलं नि मिटलं आणि तो आपल्या वाटेने गेला. सुनेला इतकं हसू आलं की डोळ्या-नाकावरच्या मुखवट्यात पाणी शिरलं.

वर आल्यावर नावेत ती म्हणाली, "आई, माझ्यापायी तुमचा खोळंबा झाला."

"कसला खोळंबा! खाली काळंभोर बघून माझीच घाबरगुंडी उडाली होती. तुझा हात मी कशाला धरला असं वाटतं तुला?"

"मला वाटलं, मला धीर द्यायला!"

"छे गं," सासूबाई केस पिळत म्हणाल्या. "आता उद्या पुन्हा यायचं का, ते सांग."