पंचफुलाबाईचा पेनड्राइव्ह

"सांभार घ्या वं बाई, मेथी घ्या! कालचं नाई, आत्ताचं तोडेल हाय!"

पंचफुलाबाईला जाऊन तेरा महिने झाले होते, तरी ती रोज सकाळी भाजी विकत होती. आज मात्र तिच्यापुढे गिऱ्हाईक नव्हतं, भक्त होते. मारुतीच्या पारासमोर तिच्या नवऱ्याची, गुलाबरावांची पिकअप उभी, टपावर भोंगा, आणि भोवती रिसोडच्या बाजारातही दिसणार नाही एवढी गर्दी. बाया हात जोडून. माणसं टोप्या काढून.

कारण भोंग्यातल्या तिच्या भरून ठेवलेल्या कोथिंबीर-मेथीच्या हाळीमागून एक लांबलचक कण्हणं येत होतं. ऊंऽऽऽ. आणि त्याच्यावर कुणीतरी दम लागून श्वास घेतोय, अशी सुरसुर. तिच्या लेकानं, पवननं ॲक्सिलरेटर दाबला की कण्हणं चढायचं, सोडला की उतरायचं.

"गाडी बंद करू नका!" लहरीनाथ महाराज ओरडले. "आत्म्याले ऊब लागते!"

महाराज पुढच्या सीटवर मांडी घालून बसले होते. झोळी काढून त्यांनी भोंग्याच्या मशीनला नीट टेकवून ठेवली होती. मशीनजवळ पंचफुलाबाईचा फोटो, त्याला लुकलुकत्या दिव्यांची माळ.

"मावल्यांनो, आत्मा अडकला! कायच्यात अडकला? पेनड्राइव्हात! किती जीबीचा हाय रे?"

"बत्तीस," पवन म्हणाला.

"बत्तीस! मी काय म्हनलं होतं? बत्तीस बंध!"

गर्दीतून 'अगाई गं' निघालं. चौसष्टचा असता तर महाराजांनी चौसष्ट जोगिणी बोलावल्या असत्या, असं सुचिताच्या मनात आलं. पण ती सून होती, कडेवर दहा महिन्यांची मंजू होती, आणि तीन दिवसांपासून तिचं घरात कुणी ऐकत नव्हतं.

सासू गेली तेव्हा मंजू पोटात होती. आजी-नातीची भेट झाली ती त्या हाळीतूनच. पोरगी रडायला लागली की सुचिता तिला गाडीत घेऊन बसायची आणि हळू आवाजात हाळी लावायची. 'मेथी घ्या'पर्यंत रडणं थांबायचं, दुसऱ्या फेरीला डोळे मिटायचे. ज्या मोबाइलवर ती हाळी भरली होती तो पवननं विहिरीत पाडला होता. म्हणजे सासूचा आवाज जगात एकाच जागी उरला होता, त्या पेनड्राइव्हमध्ये. आणि महाराजांनी फर्मावलं होतं की आज दुपारी त्याला पैनगंगेत जलसमाधी द्यायची.

"आधी एक कॉपी तं काढू द्या," सुचितानं काल विनवलं होतं.

"कॉपी काढशीन तं आत्मा दोन जागी अडकन!" महाराज डोळे वटारून म्हणाले होते, आणि गुलाबरावांनी मान डोलावली होती. हा माणूस साधी बी-बियाण्याची पुडी चार दुकानं फिरल्याशिवाय घेत नाही. पण तीन दिवसांपूर्वी त्यानं भोंग्याला विचारलं होतं, "पंचफुला, बाजार उरकून मंग तुले दवाखान्यात नेलं मी. तुया राग हाय काय माह्यावर?" भोंगा गप्प राहिला. मग, "राग नाई न?" असं विचारल्यावर भोंगा बोलला, टिर्र-टिर्र, टिर्र-टिर्र. महाराजांच्या कोशात टिर्र म्हणजे होकार. त्या क्षणापासून सासरा महाराजांचा झाला.

आजही त्यानं विचारलं, "पंचफुला, तुले मोकळं व्हायचं हाय काय?"

टिर्र-टिर्र, टिर्र-टिर्र.

बायांनी कानांना हात लावले. शेजारची रुखमाबाई तर रडायलाच लागली. जिवंतपणी पंचफुलाबाईशी तिचं नळावरून रोज वाजायचं.

सुचिता मात्र दचकली ती वेगळ्याच कारणानं. हा आवाज तिनं ऐकला होता. मेडशीला, माहेरी. फळीवर बापाचा रेडिओ असायचा, त्याला टेकून बटणांचा साधा मोबाइल. रेडिओ मधेच टिर्र-टिर्र करायचा आणि आई चुलीपासून म्हणायची, "पाय वं, फोन येऊन राह्यला." मग घंटी वाजायची. रोजचीच गोष्ट होती, कुणी कधी हात जोडले नव्हते.

तिनं गर्दीवरून नजर फिरवली. सगळ्यांचे हात एकतर जोडलेले, नाहीतर कानांवर. एकट्या बादलचा, महाराजांच्या चेल्याचा, हात खिशात.

"सोयरे-धायरे समद्यांवर माया हाय न तुयी?" गुलाबराव विचारत होते. बादलचं कोपर हललं. टिर्र-टिर्र.

मंजू केव्हाची कसलासा कागद चघळत होती. सुचितानं तो तिच्या तोंडातून ओढला. महाराजांचंच पत्रक! 'बाधा, करणी, बोलते आत्मे. घरबसल्या समाधान.' खाली मोबाइल नंबर. पोरीनं 'समाधान' खाऊन टाकलं होतं, नंबर मात्र शाबूत होता.

सुचितानं पदराआड फोन घेतला.

"आता आत्मा गप झाला," महाराज जाहीर करत होते. "समाधीपर्यंत एक शबुद बोलनार नाई!"

टिर्र-टिर्र, टिर्र-टिर्र.

महाराजांनी बादलकडे पाहिलं. बादलनं खिशातून हात काढून दोन्ही तळवे दाखवले.

"हा... हा शेवटचा होकार!"

टिर्र-टिर्र, टिर्र-टिर्र.

"महाराज," रुखमाबाई नाक पुसत म्हणाली, "पर इचारलं तं कोनीच काई नाई!"

"मी इचारतो," सुचिता पुढं आली. "सासूबाई, महाराज तुमच्या नावानं खोटं बोलून राह्यले काय?" आणि सगळ्यांसमोर तिनं फोनचं बटण दाबलं.

भोंग्यानं ठणठणीत होकार भरला.

मग सुचितानं सीटवरची झोळी उचलून उपडी केली. नारळ, उदीची पुडी, आणि आवाज बंद केलेला बटणांचा मोबाइल, दिवा पेटलेला.

"भक्ताईचे फोन येतच असतात!" महाराज.

"येतात न. आत्ताचे तीन माहे होते. बाकीचे या बादलभाऊचे."

आता हशा फुटला. बादल पाराच्या मागच्या बाजूनं दिसेनासा झाला. पण महाराज मुरलेले होते. त्यांनी भोंग्याकडे बोट केलं. "फोनचं सोड! हे कन्हनं कोनाचं? हेबी फोन काय?"

हशा विझला. ऊंऽऽऽ चालूच होतं. गुलाबराव सुनेकडे आशेनं बघत होते. ही आशा सून खरी निघावी म्हणून होती की खोटी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सुचिताला उत्तर ठाऊक नव्हतं. पण एकेक गोष्ट काढून बघायला ठाऊक असावं लागत नाही.

"आहो, पेनड्राइव्ह काढा."

पवननं तो काढला. हाळी तुटली. कण्हणं तसंच.

"सासूबाई तं तुमच्या मुठीत हायेत. मंग आत कन्हून कोन राह्यलं?"

पवननं मूठ उघडून पाहिली.

"आता गाडी बंद करा."

"ऊब!" महाराज किंचाळले, पण किल्ली फिरली होती. कण्हणं कापल्यासारखं थांबलं, बारीक सुरसुर तेवढी राहिली. चालू, ऊंऽऽऽ. बंद, शांत. तिसऱ्या वेळेला पोरंटोरंच ओरडायला लागली, "चालू! बंद!" आणि पवनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"थांबा," तो म्हणाला. सीटखालून पाना काढून तो मशीनखाली वाकला. "बाबा, हे माह्याच हातचं हाय."

वर्षश्राद्धाला त्यानं मायचा फोटो गाडीत लावला होता. मायला पोपटी रंग आवडायचा, म्हणून तिथला पत्राच पोपटी रंगवला. मग दिव्यांच्या माळेची वायर आणि मशीनची अर्थिंगची वायर, दोन्ही एकाच बोल्टाखाली, त्या ओल्या रंगावर दाबून टाकल्या. रंगातून वीज धड जात नाही. मशीनला पत्र्याचा आधार पक्का मिळेना, तेव्हा डायनामोची धडधड आवाजात शिरली, आणि माळेच्या लुकलुकण्याची ती सुरसुरही. इंजिन जितकं जोरात, तितकं कण्हणं वर. श्राद्धाच्या दिवशीच सुरू झालं, म्हणून सगळ्यांना ती वाटली. लेकाची माया कण्हत होती, इतकंच.

त्यानं रंग खरवडून पत्रा पांढरा केला, मशीनची वायर कसून आवळली, माळेला दुसरा बोल्ट दिला. किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं आणि भोंगा गप्प. पेनड्राइव्ह लावला.

"सांभार घ्या वं बाई, मेथी घ्या!"

स्वच्छ. बाजूच्या दारानं महाराज उतरले तेव्हा फक्त रुखमाबाईचं लक्ष होतं, आणि तिनं नळावरचे ठेवणीतले सगळे शब्द त्यांच्या पाठीवर खर्च केले.

गुलाबराव पारावर बसून होते. सुचिता मंजूला घेऊन जवळ गेली.

"सुचिता, ते राग नाई म्हनली ते... तेबी फोनच होता काय?"

तिच्या जिभेवर एक गोड खोटं आलं होतं. ते तिनं गिळलं. "हो मामाजी. ते बादलचं बोट होतं."

म्हाताऱ्यानं मंजूला मांडीवर घेतलं.

"पन मामाजी, तीस वर्स संग राह्यले तुमी. असत्या तं रागावल्या असत्या काय, हे तुमाले कोन्या महाराजाले इचारा लागते?"

"रागावली असती," ते हळूच म्हणाले. "दोन दिस बोलली नसती." मग मिशीत काहीतरी हललं. "तिसऱ्या दिशी इचारलं असतं, वांगे खाता का चवळीच्या शेंगा."

त्या संध्याकाळी सुचितानं हाळीच्या पाच कॉपी काढल्या. एक रुखमाबाईनं मागून नेली.

वाचणाऱ्या बायांनो, दादांनो, तुमच्या घरातल्या मशीनमधूनही कधीतरी काहीतरी कण्हेल. हात जोडण्याआधी किल्ली बंद करून बघा. मग एकेक वायर काढून बघा. कुणी तपासू देत नसेल, तर त्याची झोळी आधी बघा. नीट तपासून घेतल्यानं गेलेल्या माणसाचा अपमान होत नाही. त्याच्या नावानं दुसऱ्याला बोलू दिल्यानं होतो.