बारा महिने पाठ

विश्रांतवाडीत सोजरबाईंच्या तोंडी लागायची हिंमत भाजीवालेसुद्धा करत नसत. पूर्वानं केली.

पूर्वा मुलांच्या भाषेवर संशोधन करायची. मुलं बोलायला कशी शिकतात, काहींचं कुठं अडतं, हे शोधत बालवाड्यांतून फिरायची. सोजरबाईंच्या नातीच्या, शेफालीच्या वर्गात बसून गेली आणि दुसऱ्याच आठवड्यात घरी हजर.

"आजी, शेफालीला भाषेची अडचण आहे असं मला वाटतं."

"अडचण?" सोजरबाईंचा अडकित्ता थांबला. "शेफे, महिने म्हण गं."

पाच वर्षांच्या नातीनं चैत्र ते फाल्गुन एका दमात म्हटलं. मग वार, मग पाढे. सगळं सोजरबाईंनी स्वतः घोकून घेतलेलं. पाहुण्याच्या चपला निघायच्या आत शेफाली सुरू व्हायची. अशी पोर भावकीत दुसरी नव्हती.

"झालं समाधान? का नक्षत्रं बी ऐकायचीत?"

"पाठ छान आहे. शेफाली, आज शाळेत काय काय झालं?"

शेफालीनं आजीकडे पाहिलं.

"खिचडी खाल्ली, चित्र काढलं," सोजरबाई म्हणाल्या.

"आजी, मी तिला विचारलं."

"मग मी काय परकी हाय?"

पूर्वा हसली नाही. "तिला ऐकू नीट येतं, हुशारही आहे. पाठ केलेलं म्हणते, पण मनातलं सांगायला तिला शब्द जुळवता येत नाहीत. आत्ताच मदत मिळाली तर..."

"चांगल्या पोरीला आजार चिकटवू नका. चहा घ्या आणि निघा."

थोड्या दिवसांनी शेफाली शाळेतून सुजलेलं कोपर घेऊन आली. खेळताना पडली असेल, एवढंच शाळेनं कळवलं.

"कुणी ढकललं का गं?" सोजरबाईंनी जवळ घेतलं.

शेफालीनं तोंड उघडलं, मिटलं. हात हवेत फिरवला. पुन्हा उघडलं. डोळे भरून आले आणि ती म्हणायला लागली, "चैत्र, वैशाख, ज्येष्ठ..."

हुंदके देत बाराही महिने म्हटले पोरीनं. हे म्हटलं की आजी खूश होते, एवढंच तिला ठाऊक होतं. सोजरबाईंच्या हातातलं हळदीचं भांडं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीला न्हाऊ घातलं आणि रिक्षा बोलावली. मुलगा विश्वजीत दारात आडवा आला. "आई, भावकीत कळलं तर? उद्या हिच्या लग्नाला..."

"पाच वर्षांची हाय ती. उद्या मांडव घालतोस का? सरक."

कर्वेनगरला पूर्वाच्या वाचा-उपचार केंद्रात शिरताच त्या म्हणाल्या, "अडचण हाय. काढा आता."

"काढून टाकता येत नाही, आजी. पण तिला बोलतं करता येईल, वेळ लागेल. आणि यात कुणाचीही चूक नाही." पूर्वानं खुर्ची पुढं केली. "रोज सराव घेऊ. घरी तुम्ही विचारायचं आणि थांबायचं. शब्द तोंडात द्यायचा नाही."

"म्हंजे शिक्षा मलाच व्हय?"

शिक्षा त्यांनी भोगली. पदराचं टोक चावून चावून विरलं.

दिवाळीनंतर जावेच्या, मुक्ताईच्या घरी बारसं होतं. बायकांनी खोली भरली होती.

"शेफे, महिने म्हण," मुक्ताई ओरडली.

"न्हाय म्हणणार," सोजरबाई म्हणाल्या. "महिने कॅलेंडरवर हायेत."

"म्हंजे ऐकलं ते खरंच? मुकी झाली व्हय पोर?"

"मुकी न्हाय. तिला भाषेचा विकार हाय, उपचार चालू हायेत. कुजबुजू नका, मोठ्यानं बोला. आणि तिला काय विचारायचं ते विचार, मुक्ते. पण विचारलंस तर उत्तर येईस्तोवर थांबायचं."

मुक्ताईनं सगळ्यांकडे पाहून डोळे मिचकावले. "सांग बरं, बाळ का रडतंय?"

शेफालीनं पाळण्याकडे पाहिलं. मग आजीकडे. सोजरबाईंनी पंख्याकडे नजर लावली. उत्तर त्यांच्या जिभेवर नाचत होतं. पदर दातांत गेला. कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. सोजरबाईंनी नुसतं वळून पाहिलं, हसू जागीच विझलं.

खोली थांबली.

"बाळ... झोप..." शेफालीच्या मुठी आवळल्या. "झोप नाही. तू... तू ओरडते."

मुक्ताईचं तोंड उघडंच राहिलं.

सोजरबाईंनी पदर सोडला, ताटातला पेढा उचलून नातीच्या हातावर ठेवला.

"कळलं का, मुक्ते?" त्या हळूच म्हणाल्या. "का तुला अजून वेळ पायजे?"