टॉवेलाखालचा भाव

अहो, जरा मान वर करा. किराणा दुकानाच्या पत्र्याखाली चिमणीनं काड्या आणून ठेवल्यात ना, त्यांच्याच शेजारी. हां, तोच मी! घोडेगावातल्या आमच्या आळीचा कॅमेरा बोलतोय.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. डोळा उघडला तो इथंच. खाली सगळी आळी माझ्याकडे टक लावून बघत होती. कडूबाईच्या शेळ्या कुणीतरी दिवसाढवळ्या टेम्पोत घालून नेल्या होत्या, म्हणून सगळ्यांनी मिळून मला आणलं. दुकानदाराच्या हर्षलनं मला घरोघरच्या मोबाईलवर जोडून दिलं.

"आमचं बी त्वांड दिसंल का रं ह्यात?" कडूबाईनं विचारलं.

"दिसंल की, मावशी."

"मग थांब, पदर नीट करते."

असा माझा थाट! सासवा शेतातून फोन करायच्या, "नळावर किती येळ गं? दिसतंय मला हितनं!" सुना तोंडं वाकडी करायच्या, पण 'हा काढा' असं एकीनंही म्हटलं नाही. पुढं तो टेम्पो परत आला. माझ्यामुळं नंबर सापडला आणि चोर पकडला गेला. हर्षलनं मला हार घातला. तो नेमका डोळ्यावर आला, त्यामुळं अर्धा दिवस मला नुसता झेंडूच दिसत होता. तरी छाती फुगली होती.

आणि खरं सांगू? कोण कुणाकडं बसलं, कुणाच्या दारात कुणाची गाडी लागली, हे बघायला मला मनापासून आवडायचं.

माझ्या बरोबर समोर मच्छिंद्रमामांचा ओटा होता. त्यांच्या अश्विनीला नगरला नर्सिंगला जागा मिळाली होती. फीसाठी म्हैस विकायची ठरली. छबूमामींनी ती म्हैस लेकीसारखी वाढवलेली.

बाजाराच्या आदल्या दिवशी छगन दलाल आला. जनावराचा भाव ही माणसं तोंडानं बोलत नाहीत. हातांवर टॉवेल टाकतात आणि आत बोटं धरून आकडा सांगतात. अशा वेळी शेजारी उभा असलेला माणूस आपणहून दुसरीकडे बघतो. त्या दिवशीही शेजारचा गोरक्षनाथ तंबाखू मळत आभाळाकडे बघत बसला. मला मात्र तसं बघता येत नाही. वाऱ्यानं टॉवेल उडाला आणि मामांनी सांगितलेला शेवटचा आकडा, म्हणजे अगदीच अडलं तर द्यायचा भाव, माझ्या डोळ्यात आला.

गल्ल्यावर बसलेल्या हर्षलनं मोबाईलवर ते चित्र मोठं केलं आणि आळीच्या ग्रुपवर टाकलं. 'मच्छूमामांचा आकडा फुटला!' नुसती गंमत म्हणून. पण ग्रुपमध्ये आळीचा जावई सुनीलही होता. तो श्रीगोंद्याकडचा, म्हशींचा धंदा करणारा. त्यानं ते चित्र आपल्या सोबतच्या व्यापाऱ्यांना दाखवलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात कुणी वर सरकेना. "मामा, तुमचं शेवटचं आमाला ठावं हाय. वर कशापायी जाऊ?" जो तो व्यापारी म्हणायचा.

त्या आकड्यात फी अर्धीच भागली असती. मामा म्हैस घेऊन परत आले. फी भरायला पुढच्या बाजारापर्यंतच मुदत होती. अश्विनी दारात उभी होती. तिनं म्हशीचं दावं हातात घेतलं आणि आत गेली.

संध्याकाळी आळी माझ्याखाली जमली. छबूमामी कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. "आरं, ह्यो शेळ्या राखाया आणला, का माझ्या ओट्यावर येऊन बसाया?"

"पर वैनी, कॅमेरा तर पायजेच," गोरक्षनाथ म्हणाला.

"पायजेच! मी काढा कुठं म्हनते? मान वळवा म्हनते त्याची."

हर्षल खाली मान घालून स्टूल घेऊन आला. "मामी, चुकलं माझं," एवढंच म्हणाला आणि माझी मान फिरवली. ओटा गेला, नळ गेला. उरलं आळीचं तोंड आणि डांबरी रस्ता. पहिल्यांदा फार चुकल्यासारखं वाटलं. अर्धं गाव हातातून गेल्यागत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी छगन सकाळीच एक नवं गिऱ्हाईक घेऊन ओट्यावर आला. मला फक्त ऐकू येत होतं. मामांचं खोकणं, छगनचं "हूं." मग बराच वेळ काहीच नाही. मग छबूमामी हसल्याचा आवाज. दुपारी म्हैस नव्या मालकासोबत माझ्या डोळ्यासमोरून गेली. पाठोपाठ मामी रस्त्यापर्यंत आल्या आणि ती दिसेनाशी होईतो उभ्या राहिल्या. मग एक दिवस बॅग घेऊन अश्विनी एसटीला निघाली. वळणावर तिनं मागं बघून हात हलवला. तेवढं मात्र मला नीट दिसलं.

तुमच्याकडं माझे भाऊबंद लावायचे असतील तर खुशाल लावा. चोराला आमचा धाक हवाच. फक्त स्क्रू आवळण्याआधी समोरच्या दारात जाऊन एकदा उभे राहा, आणि तिथून आमच्याकडं बघा.

परवा कडूबाईला राहवलं नाही. "छबे, म्हस केवढ्याला गेली गं?"

"वर इचार की. त्यो बसलाय न्हवं, समद्या गावाचं बघत!"

कडूबाईनं खरंच मान वर केली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

मला माहीत नाही, कडूबाई. आणि हे मी ताठ मानेनं सांगतोय.