उकळलेलं ताक

रंगूबाईला संशय घ्यायला कारण लागत नसे. कारण ती मागाहून शोधायची आणि बहुतेक वेळा तिला ते सापडायचंही. विहीर गढूळली की कुणीतरी काहीतरी टाकलं, म्हैस आटली की कुणाची तरी नजर. त्यात ब्रह्मदेशच्या लढाईवर गेलेला तिचा एकुलता एक मानसिंग पोटाचं दुखणं घेऊन परतला आणि तिच्या संशयाला ऊत आला. त्याला परसाकडला रक्त पडायचं, गुडघे सुजायचे. पलटणीत गेला तेव्हा दारात मावत नव्हता. आता त्याची बायको विजयमाला त्याला काखेत हात घालून उठवायची.

पलटणीच्या दवाखान्यात सांगितलं होतं, पाणी-दूध उकळून द्या. रंगूबाईनं ते एवढं मनावर घेतलं की विरजणाचं गाडगंच राखेनं घासून आधणात बुडवलं. सासूच्या हातचं, कधी न मोडलेलं विरजण त्या दिवशी चुलीपुढं संपलं. शेजारणी आपलं द्यायला आल्या, तर दुसऱ्याच्या घरचं विरजण म्हणजे करणीला उघडं दार, म्हणून तिनं त्यांना उंबऱ्यावरूनच लावून दिलं. मग लिंबू पिळून दूध नासवायचं, ते घुसळायचं आणि वर उकळायचंही. तो चोथा मानसिंग हुकूम आल्यासारखा मुकाट प्यायचा आणि दिवसेंदिवस वाळत चालला होता.

शेवटी त्याला सांगलीला नेलं. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "आतड्याला आतून जखमा आहेत. शरीर स्वतःशीच भांडल्यासारखं करतंय. सगळेच जंतू वाईट नसतात, बाई. ताकातले काही कदाचित त्याच्या पोटाला शांत करतील. खात्री मी देत नाही, पण ताक उकळू नका."

गाडीत बसल्याबसल्या रंगूबाईचं तोंड सुटलं. "जंतू मारायला मी जळण जाळतीया, आन ह्यो म्हणतोय जंतू पाजा! कुनीतरी फितीवलाय त्येला." घरी आल्यावर तिनं ताकाला आणखी एक कढ जास्त दिला.

ऊस तुटून रान मोकळं झालं होतं. दरसालसारखी विट्यापलीकडून आलेल्या बिराप्पा धनगराची मेंढरं खतासाठी त्या रानात बसली होती. आणि रंगूबाईच्या ध्यानात आलं, सून रोज सकाळी चरवी घेऊन तिकडं जाते आणि येताना चरवीवर पदर असतो. विचारलं तर म्हणायची, "खत बघून आले, आत्याबाई." खत बघायला चरवी कशाला लागते?

त्यातच मानसिंगला उतार पडला. रक्त कमी झालं, एक दिवस तर तो काठीशिवाय गोठ्यापर्यंत जाऊन आला. दुसरी आई असती तर देवाला नारळ फोडती. रंगूबाईनं मात्र त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मंतरलेला माणूस आधी खुलतोच, हे तिनं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सुनेच्या मागोमाग बांधाच्या आडोशानं गेली. बिराप्पाची बायको तानुबाई गाडग्यातून चरवीत काहीतरी पांढरं ओतत होती.

"काय पाजतियास माज्या लेकाला?" रंगूबाई ओरडली आणि कुणी हलायच्या आत तिनं गाडगं उचलून धोंड्यावर आपटलं. चरवीही लाथाडली. मेंढरांची कुत्री धावत आली.

"ताक हाय वो, आत्याबाई! नुसतं ताक!" विजयमाला रडायला लागली. "घरात तुमी उकळताय, मग मी कुठनं आणू?"

तानुबाई मात्र शांत होती. "आक्का, ह्ये विरजण तुमच्याच घरचं. तुमच्या सासूबाईनी दिल्यालं. तवाधरनं मी मोडू दिलं न्हाई."

"खोटं बोलतियास!" म्हणत रंगूबाईनं खापरीला बोट लावून जिभेवर ठेवलं. आधी आंबट, मागून गोडसर. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं पहिल्या भाकरीबरोबर वाढलं होतं, ते हेच. ती पाठ फिरवून घरी निघून गेली, कारण चूक कबूल करायची तिला सवय नव्हती.

विजयमालाचं रानाकडं जाणं बंद झालं आणि आठवडा उलटायच्या आत मानसिंग पुन्हा अंथरुणाला खिळला. पुन्हा रक्त. रात्रंदिवस उशाशी बसून रंगूबाईला दुसऱ्या कुणाचा संशय घेता येईना. आपल्या हातानं आपण लेकाच्या तोंडातलं काढलं, हे तिला लख्ख दिसत होतं आणि ते सोसवत नव्हतं.

दिवस कलताना तिनं रान गाठलं. धनगरांचा तळ हलत होता, घोड्यावर बोजे चढत होते.

"तानुबाई," ती म्हणाली. तिनं नुसता पदर पसरला.

तानुबाईनं बोज्यातली चिंधी सोडली. कडक, पिवळसर. "वाटंत गाडगं फुटतंय कवाकवा. म्हणून दह्यात फडकं भिजवून वाळवून ठेवतो आमी. कोमट दुधात टाका. आन दिवेलागणीला विरजण देत न्हाईत, आक्का. दिस हाय तवर बांधापल्याड जावा."

चिंधी पदरात घेऊन रंगूबाई पळत सुटली.

दही लागायला वेळ गेला. पहिलं पाणचट झालं, दुसरं बरं, तिसरं घट्ट. ती त्या गाडग्यापाशी राखण बसायची आणि चुलीजवळ सुनेलासुद्धा येऊ देत नव्हती. ताक झालं तेव्हा आधी स्वतः वाटीभर प्यायली; खोड जात नाही. मग वाटी भरून लेकाच्या ओठाला लावली.

मानसिंगनं वाटी अडवली. पलटणीच्या दवाखान्याची शिकवण आणि आईचा धाक, दोन्ही त्याच्या अंगात मुरलं होतं. "आये, उकाळलंस न्हवं?"

रंगूबाईनं वाटी मागं घेतली नाही.

"न्हाई रं, बाळा," ती म्हणाली. "जितं हाय. पी."