धुरपतेच्या पायातली मनगटी

माझ्या कोंबड्यांची नावं नर्मदाबाईनं ठेवली होती. हे मी गावासमोर बोलले नाही, म्हणून आता लिहून ठेवते. सातवी शिकल्याचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.

कोंबड्या माझ्या, चार तलंगा आणि एक कोंबडा. आमच्या वस्तीत कोंबड्यांना नाव द्यायची रीत नव्हती. ती-ती-ती केलं की सगळ्या धावत येतात, आणखी काय पाहिजे? शिवाय उद्या पाहुणा दारात आला, तर जिला नावानं हाक मारली तिच्याच मानेवर सुरी कशी चालवायची?

नर्मदाबाई म्हणजे किशनरावांची सून. चारठाण्याची लेक. किशनरावांच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ, अंड्याचं नावसुद्धा निघायचं नाही. तिची छबू दीड वर्षाची झाली तरी उभी राहत नव्हती, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. जिंतूरच्या डॉक्टरनं रोज एक अंडं द्यायला सांगितलं. सासू म्हणाली, "पोरीच्या जातीला काय व्हतंय, आपसूक उठंल." तेव्हा नर्मदाबाईनं माझं दार धरलं.

आमचं घर ओढ्याच्या काठाला, तिच्या रानाच्या वाटेवर. दुपारी नवऱ्याची भाकरी घेऊन निघाली की ती छबूला कडेवर घेऊन माझ्या परसात शिरायची. मी आमच्या भगुल्यात, आमच्या पाण्यात अंडं उकडून द्यायचे. पहिले पंधरा दिवस ती कुडाला टेकून उभीच राहिली. मग घोंगडीवर बसायला लागली. एक दिवस मी न विचारता तिनं माझ्या रांजणातून तांब्या भरून घेतला आणि घटाघटा पाणी प्याली. माझं काळीज भरून आलं. अशी मी खुळी.

परसात ती मला अक्का म्हणायची. रस्त्यात चारचौघांत भेटली तर चांगुणे. हा फरक मला तेव्हाही ऐकू येत होता, पण मी तो मनावर घेतला नाही.

सुनेनं सासूचं, सासऱ्याचं, नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, हे आमची वस्ती सोडून गावातल्या सगळ्या घरांत होतं. तिच्या घरात जरा जास्तच. चार वर्षांत उखाण्याशिवाय तिनं एकाचंही नाव घेतलं नव्हतं. एकदा माझी तांबडी तलंग सगळ्यांना टोचून दाणे एकटीच खात होती. नर्मदाबाई बघत राहिली आणि म्हणाली, "आत्याबाईच की ह्या." मग मागं वळून वाट मोकळी आहे ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाली, "धुरपता." पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. आणि इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला.

मग काय, चटकच लागली. भलत्या वेळी आरवणारा आणि खुराड्यात शिरायला सगळ्यांच्या पुढं असणारा कोंबडा तिच्या मालकाच्या नावानं बन्सीधर झाला. सारखी कुरकुरणारी करडी झाली कस्तुरा, ती नणंद. "बन्सीधरा, मुकाट्यानं बस," असं ती त्या कोंबड्याला दरडावायची तेव्हा तिचं तोंड लाल व्हायचं. मी म्हणाले, "बाई, भिंतीला कान असत्यात." तर म्हणते, "तुझ्या घराला भिंत कुठं हाय, अक्का? कूड हाय." उरलेल्या दोन पांढऱ्या तिनं मला नावं ठेवायला सोडल्या. पण माझ्या सासूचं नाव मी वाटेल तेव्हा घेत होते, मला त्याची काय मजा?

चैतात छबू उभी राहिली. मनगटं भरली, बारशाची काळ्या मण्यांची मनगटी घट्ट झाली. नर्मदाबाईनं ती काढली आणि धुरपतेच्या पायात बांधली. "आत्याबाईला दागिन्याची लय हाव." मनगटीत मधोमध चांदीचा एक मणी होता, चारठाण्याच्या सोनाराकडून आलेला. बारशाला अख्ख्या गावानं तो हातात घेऊन बघितला होता.

हळूहळू संध्याकाळी खुराडं झाकताना मीही नावानंच हाका मारायला लागले. ही चूक माझी. ती मी नाकारत नाही.

त्या सालच्या पावसाळ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. कुठल्या गावात घरं जाळली, कुठं माणसं मारली, रोज नवं कानावर यायचं. आमच्या गावात आग लागली नाही, पण बोलणं बदललं. नर्मदाबाई मात्र रोज येतच होती. तेवढ्यावरही मी हुरळले होते.

त्यातच छबूला वाचा फुटली. घरी कुणा म्हातारीनं तिच्या आजीला "धुरपता" अशी हाक मारली, आणि पोरीनं टाळ्या पिटल्या. "धुरपता अंडं देती."

अंडं देणारी धुरपता कुणाची हे शोधावं लागलं नाही, संध्याकाळच्या माझ्या हाका वाटेवर ऐकू जात होत्या. दुसऱ्या दिवशी आम्हाला मारुतीच्या पाराजवळ बोलावलं. जायच्या आधी मी धुरपतेच्या पायातली मनगटी सोडली आणि कनवटीला खोवली. माझा नवरा सिताराम म्हणाला, "ती मनगटी दाखव. एका झटक्यात मिटतंय."

पारावर किशनराव बसले होते, भोवती गाव. आम्ही खाली उभे. ते म्हणाले, "विद्यापीठाला नाव द्यायला निघाले. आता आमच्या बायकांची नावं कोंबड्यांला द्यायलेत. कुणी ठेवली ही नावं?"

"आमच्यात कोंबड्यांला नावं ठेवीत न्हाईत," मी म्हणाले.

"मग कुणी ठेवली?"

मी नर्मदाबाईकडं पाहिलं. ती देवळाच्या पायरीशी, पदर कपाळावर ओढून. 'माझी चूक झाली' एवढं तिनं म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तर मार बसला असता, कदाचित चारठाण्याला पाठवलं असतं, हे मला कळत होतं. म्हणून मनात म्हटलं, बोलू नको, पण गप्प तरी राहा.

ती गप्प राहिली नाही. कुणी विचारलं नसताना बोलली. "हीच हाका मारती. रानात जाताना रोज ऐकू येतंय. पोरीनं तिथलंच उचललं."

"तू गेलतीस का हिच्या दारात?" सासूनं विचारलं.

"देवाशपथ न्हाई. मला तर ती नावं तोंडातून काढता बी येत न्हाईत, आत्याबाई."

सगळ्या बायांनी माना डोलावल्या. कुणाच्या सुनेला येत होती? तिला तेवढा पुरावा पुरला. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, कळली त्या दिवशी.

सितारामनं कोपरानं ढोसलं. कनवटीला मनगटी टोचत होती. मी हात तिथवर नेला, आणि छबू दिसली. आईचं लुगडं धरून स्वतःच्या पायांवर उभी होती, माझ्याकडं बघून हसत होती. मी हात खाली घेतला. "चुकलं माझं," मी म्हणाले.

ज्यांच्या गळ्यात माळ नव्हती, त्यांनी त्याच दुपारी माझ्या कोंबड्या नेल्या आणि ओढ्यावर खाल्ल्या. दिवाळीपर्यंत वस्तीतल्या एकाही बाईला खुरपणीला कुणी बोलावलं नाही. सिताराम महिनाभर माझ्याशी बोलला नाही. शेजारची सुलाबाई तोंडावर म्हणाली, "तिच्या लेकरापायी आमची लेकरं उपाशी ठेवलीस व्हय?" ती खोटं बोलत नव्हती.

दसरा झाल्यावर एका दुपारी नर्मदाबाई आली. डोक्यावर भाकरीचं टोपलं, छबू बरोबर नव्हती. खरं सांगते, मला आनंद झाला. इतकं होऊनही झाला. वाटलं, मन मोकळं करायला आली. मी तांब्या भरायला उठले.

"पाणी नको," ती म्हणाली. "मनगटी दे. कुणाच्या हातात पडली तर काय?"

म्हणजे ती माझ्याकडंच आहे, हे तिला त्या दिवशी पाराजवळ ठाऊक होतं. मी ती दाखवणार नाही, हेही ठाऊक होतं. त्याच जोरावर ती बोलली होती.

मी उतरंडीतून मनगटी काढून दिली. तिनं तिथंच उभं राहून मणी मोजले. चांदीचा मणी पदरानं पुसून उजेडात धरला, मग मनगटी कमरेला खोवली.

"एकदा सांगा," मी म्हणाले. "मला एकटीलाच. नावं कुणी ठेवली?"

तिनं मागं वळून वाट पाहिली. ओढ्यापर्यंत माणूस नव्हतं, परसात कोंबडीसुद्धा नव्हती.

"कसली नावं, चांगुणे?" ती म्हणाली, आणि टोपलं सावरून रानाकडं निघून गेली.